खटपट : आजोबांचा डेक आणि लग्नाची सीडी

दिवाळीनंतर चार दिवस मी ताईकडे अंबडला गेलो होतो. जालन्याहून एस.टी.नं तासाभराच्या आतलं गाव. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि घरातली सगळी मंडळी टी.व्ही.समोर बसली होती. पडद्यावर कुणीतरी काहीतरी विनोद केला, सगळे हसले. आजीही हसल्या, पण दोन सेकंद उशिरा.

आजी म्हणजे ताईच्या सासूबाई. उशिरा का हसल्या, ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्या टी.व्ही. ऐकून हसत नव्हत्या, बाकीच्यांची तोंडं बघून हसत होत्या.

जेवताना मी विचारलं, “आजी, कमी ऐकू येतं का हो?”

“ऐकू येतं की,” आजी म्हणाल्या. “ऐकू येत नाही असं नाही मामा, समजत नाही. नुसतं गुं गुं होतं. आवाज वाढवला की गुं गुं वाढतं.”

भाचा आठवीत आहे. तो म्हणाला, “मामा, लग्नाच्या सीडीचं सांग ना आजी.” मग ती हकीकत कळली.

ताईचं लग्न २००३ साली झालं. त्या काळी लग्नाचं शूटिंग व्हिडिओ कॅसेटवर करायचे. पुढे कॅसेट लावायचं यंत्रच घरात उरलं नाही, म्हणून ताईनं त्या कॅसेटची डीव्हीडी करून आणली. (घरात तिला सगळे ‘लग्नाची सीडी’च म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.) लग्नात आजोबांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, स्वतः रचलेलं मंगलाष्टक माइकवर म्हटलं होतं. आजोबा गाण्याचे दर्दी. अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय गाण्याचा उत्सव होतो, त्यात रात्रभर मांडी मोडायची नाही असा त्यांचा बाणा. ते २०१६ साली गेले. आता दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती सीडी लागते आणि आजी अगदी टी.व्ही.ला नाक लावून बसतात.

“दिसतात,” आजी म्हणाल्या, “पण काय म्हणतात ते कळत नाही.”

आता सांगा, याच्यावर ‘खटपट’ न करता मी झोपू शकलो असतो का?

सकाळी पहिल्यांदा टी.व्ही. मागून बघितला. तुमच्या घरी जुना डबा टी.व्ही. असेल तर आठवा, त्याच्या पोटात भरपूर जागा असायची. स्पीकर चांगला तळहाताएवढा, आणि पुष्कळदा तोंड आपल्याकडे. आताचे टी.व्ही. भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे पातळ. स्पीकर ठेवायला जागाच नाही, म्हणून दोन चिमुकले, दोन बोटं रुंदीचे स्पीकर खालच्या कडेला बसवतात, आणि त्यांचं तोंड असतं जमिनीकडे. ताईच्या टी.व्ही.चंही तसंच होतं. घुमणारे, खालच्या पट्टीचे आवाज खोलीभर पसरतात, त्यांना दिशेचं फार सुख-दुःख नसतं. पण बारीक, वरच्या पट्टीचे आवाज बॅटरीच्या झोतासारखे सरळ जातात. तोंड जमिनीकडे, तर झोतही जमिनीकडे. आजींच्या वाट्याला उरतं ते गुं गुं.

आणि नेमके हेच बारीक आवाज बोलणं समजायला लागतात. एक गंमत करा. ‘ताट, पाट, काठ, साठ’ हे शब्द हळूच म्हणा. चारही शब्दांत ‘आ’ तोच. ‘आ’ हा दणकट स्वर, त्याचा जोर मुख्यतः सेकंदाला हजार कंपनांच्या खाली. शब्द वेगळा होतो तो सुरुवातीच्या ‘त’, ‘प’, ‘क’, ‘स’मुळे. ही व्यंजनं म्हणजे जेमतेम एक फुंकर. ‘स’ची सळसळ तर सेकंदाला चार हजार कंपनांच्याही वर जाते. वय वाढलं की कानाची शक्ती कमी होते, ती बहुधा याच वरच्या टोकापासून. म्हणजे आजींना ‘आ’ ऐकू येतो, पण ताट की पाट ते कळत नाही. “ऐकू येतं, समजत नाही,” हे त्यांचं बोलणं अगदी शास्त्रशुद्ध होतं!

(आई-बाबांनो, घरातल्या मोठ्या माणसांचं असं होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. पुढची खटपट त्याला पर्याय नाही. आजींचीही तपासणी ठरली आहे.)

बरं, मग करायचं काय? माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे विणलेल्या रुमालाखाली, वर फुलदाणी ठेवलेला आजोबांचा डेक होता! खाली अँप्लिफायर, त्यावर कॅसेट लावायचा भाग आणि दोन बाजूंना गुडघ्याएवढे उंच स्पीकरचे डबे. आजोबांनी १९८९ साली मुंबईहून आणलेला. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

मी रुमाल उचलला तशी ताई स्वयंपाकघरातून आली. “दादा, त्याला नको. बिघडला म्हणजे? त्यांची आठवण आहे ती.”

मीही थबकलो. तिचं खरं होतं. पण आजी म्हणाल्या, “बंद पडून आहे म्हणजे बिघडल्यासारखाच की गं. लावा तुम्ही.”

इतकी वर्षं झोपलेलं यंत्र एकदम दणकन उठवायचं नाही. प्लग काढलेला असतानाच आम्ही धूळ पुसली आणि आवाजाचं बटण पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, म्हणजे आतला मळ निघतो आणि खरखर कमी होते. स्पीकरच्या जाळ्या काढून आत पाहिलं. काही स्पीकरच्या कागदी कोनाला फोमची कड असते, ती काही वर्षांनी शेवेसारखी तुकडे होऊन पडते. आमच्या नशिबानं इथं रबराची कड होती, शाबूत. मग आवाज शून्यावर ठेवून चालू केलं आणि अर्धा तास नुसतं बघत बसलो. जळका वास नाही, हात लावून बघावं तर कोमट. पास! वास आला असता किंवा झाकण तापलं असतं तर प्लग काढून सरळ मेकॅनिककडे नेलं असतं. झाकण उघडून आत बोट घालणं हा आपला प्रांत नाही. टी.व्ही.चं तर मुळीच नाही. जुन्या डबा टी.व्ही.च्या नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि टी.व्ही. बंद केल्यावरही तो काही काळ दबा धरून बसतो.

आता तारा. भाच्यानं कपाटातून एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या अशा दोन पिना असलेली वायर शोधून काढली. लाल म्हणजे उजवा कान, पांढरी म्हणजे डावा. (पिवळी असते ती चित्राची, तिचा इथं संबंध नाही.) टी.व्ही.ला हेडफोनचं भोक होतंच. डेकच्या मागे मात्र चार जोड्या भोकं : फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स. मी चष्मा शोधत होतो तेवढ्यात भाच्यानं वायर खोचून आवाज वाढवलासुद्धा.

काय सांगू! दगडाच्या खाणीत सुरुंग उडावा तसा घर्र घर्र, फाटका, घुमणारा आवाज. आजींनी कानांवर हात ठेवले, ताई धावत आली, मांजर पळालं. मी प्लग ओढला.

“कुठं लावलंस?”

“फोनोत. टी.व्ही.वर मोबाइलचंच चालू होतं ना मामा, म्हटलं फोनो म्हणजे फोन.”

चूक तर झाली, पण अशा चुकीवर मी रागावत नाही, कारण तीत तर्क आहे. ‘फोनो’ हा शब्द फोनोग्राफवरून आला. म्हणजे तबकडी वाजवायचं यंत्र, रेकॉर्ड प्लेअर. रेकॉर्डवरून फिरणारी सुई अगदी दुबळी वीज देते, साधारण पाच मिलिव्होल्ट. व्होल्टचा दोनशेवा भाग! म्हणून फोनोच्या भोकामागे ती वीज खूप पटींनी मोठी करणारी, शिवाय खालचे सूर मुद्दाम फुगवणारी व्यवस्था असते. आणि आपण तिथे काय ओतलं? टी.व्ही. किंवा डीव्हीडी प्लेअर साधारण पाव व्होल्टपासून दोन व्होल्टपर्यंत देतात. म्हणजे पन्नास ते चारशे पट! मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळीला एकदम विहिरीची मोटार जोडल्यासारखं झालं. बागेत काय होईल ते जालना जिल्ह्यातल्या मुलांना सांगायला नको.

याच्या उलट बाजूची चूक याहून महागात पडते. डेकमधून स्पीकरकडे जाणारी वायर ही सगळ्यात जोरकस. नववी-दहावीच्या मुलांनी हिशेब करून पाहावा. वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. स्पीकर ८ ओहमचा आणि डेक २० वॅटचा असेल तर २० गुणिले ८ म्हणजे १६०, त्याचं वर्गमूळ साडेबाराच्या थोडं वर. साडेबारा व्होल्ट! ही वायर चुकून कुणी टी.व्ही.च्या किंवा डेकच्या बारक्या भोकात खोचली तर ते भोक कायमचं मुकं होऊ शकतं. म्हणून वायर लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : या टोकाला वीज किती ताकदीची आहे, आणि त्या टोकाला किती ताकदीची हवी आहे? फोनोत मिलिव्होल्ट, ऑक्समध्ये आणि टेपमध्ये पाव ते दोन व्होल्ट, स्पीकरला पाच-दहा-पंधरा व्होल्ट. ऑक्स हे ऑक्झिलरीचं लाडकं नाव, म्हणजे ‘जादा पाहुण्यासाठी’. आपला टी.व्ही. हा तो पाहुणा.

आवाज शून्यावर, वायर ऑक्समध्ये, मग हळूहळू वाढव, असं म्हणत दुसरा प्रयत्न केला. मालिका लागली होती. पार्श्वसंगीत छान येऊ लागलं, सतार वगैरे. पण पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत होती!

“मामा, गाणं येतंय, माणसं मुकी!” भाची ओरडली. ती चौथीत आहे आणि तिला हे फार आवडलं.

तुम्ही ओळखलंत? मी पिन तपासली. टी.व्ही.च्या भोकात ती पूर्ण आत गेलेलीच नव्हती. या पिनेवर तीन कड्या असतात : डावी वाहिनी, उजवी वाहिनी आणि दोघींची सामाईक परतीची वाट. परतीची वाट तुटली की वीज एका वाहिनीतून जाऊन दुसरीतून परत येऊ बघते, आणि स्पीकरना मिळतो डाव्या-उजव्याचा फरक, म्हणजे वजाबाकी. संवाद दोन्ही वाहिन्यांत अगदी सारखे भरलेले असतात. पाचातून पाच गेले, शून्य! संगीत दोन्हीकडे थोडं थोडं वेगळं असतं, म्हणून ते उरतं. गाण्यातून गायकाचा आवाज काढून नुसता वाद्यमेळ ठेवायची एक युक्ती याच वजाबाकीवर चालते.

पिन ‘टक’ होईपर्यंत दाबली आणि माणसं बोलायला लागली.

असाच मुकेपणा आणखी एका कारणानं येतो. तुमच्या टी.व्ही.ला हेडफोनचं भोक नसेल आणि प्रकाशाची, म्हणजे ‘ऑप्टिकल’ वाट असेल, तर मधे डिजिटलचं साध्या विजेत रूपांतर करणारी छोटी डबी लागते. तेव्हा टी.व्ही.च्या सेटिंगमध्ये आवाजापुढे ‘पीसीएम’ निवडायचं. नाहीतर सहा वाहिन्यांचा आवाज बाहेर पडतो, आणि दोनच वाहिन्या समजणाऱ्या साध्या डबीतून नुसती शांतता ऐकू येते. सहा वाहिन्यांच्या आवाजात संवाद बहुतेक मधल्या वाहिनीत ठेवलेले असतात. कुठेतरी मधली सोडून नुसती डावी-उजवी उचलली गेली, तर पुन्हा माणसं मुकी.

एक काम राहिलं होतं, ते करून दोन्ही मुलांना खूश केलं. स्पीकरच्या तारा डेकपासून सोडवल्या आणि एक साधा दीड व्होल्टचा सेल घेतला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल खुंटीला, उणे टोक काळ्याला, क्षणभर टेकवायचं आणि लगेच काढायचं. ‘टप्’ आवाज होतो आणि कोन बाहेर उडी मारतो. डाव्या स्पीकरचा कोन बाहेर आला, उजव्याचा आत गेला! म्हणजे उजव्याच्या आतल्या तारा कधीतरी कुणीतरी उलट्या जोडल्या होत्या. असं असलं की एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो आणि दोघं मिळून आवाज पातळ करतात. उजव्याच्या लाल-काळ्या तारांची आम्ही अदलाबदल केली. आजोबांच्या कानातून हे कसं सुटलं, की दुरुस्तीत नंतर झालं, देव जाणे.

भुणभुण मात्र ताईकडे आली नाही. पुष्कळ घरी येते. टी.व्ही. डेकला जोडला की मागे ‘भोंऽऽ’ असा एकसुरी आवाज. ती घरातल्या विजेची पन्नास कंपनं. केबलची वायर एका ठिकाणी जमिनीला टेकलेली, डेक तीन पिनांच्या प्लगमधून दुसऱ्या ठिकाणी. मग या दोन जमिनींमध्ये गोल फिरायला विजेला वाट मिळते. टी.व्ही. आणि डेक एकाच बोर्डावर लावून बघायचं, केबल काढून बघायचं. केबल काढल्यावर भुणभुण थांबली तर चोर सापडला. ऑप्टिकल वाटेनं हा त्रास होतच नाही, कारण त्या तारेतून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो. पण अर्थिंगची तिसरी पिन तोडून टाकायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे.

“मामा, ही वायर मधे लोंबतेय. ब्लूटूथनं नाही का होणार?” भाच्यानं विचारलं. होतं की. डेकला जोडायची ब्लूटूथची डबीही मिळते. गाण्याला ती उत्तम. पण आवाज बांधायचा, हवेतून पाठवायचा, पुन्हा सोडायचा, यात वेळ जातो. सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. लांबच्या शेतात कुणी कुऱ्हाडीनं लाकूड फोडत असेल तर बघा, कुऱ्हाड आधी पडते, आवाज मागून येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग उशीर झाला, तर समोरचा माणूस ६८ मीटरवर उभा राहून बोलल्यासारखं! थोडा उशीर मेंदू चालवून घेतो, कारण लांबचा आवाज उशिरा येतो हे त्याला माहीत आहे. पण एवढा नाही. आणि आजी तर ओठांवरूनही शब्द ओळखत होत्या, त्यांचे ओठ आणि आवाज वेगळे करून कसं चालेल? वायरच ठेवली, भिंतीच्या कडेनं चिकटवून.

आता बसायचं कुठं, हा प्रश्न. ऐकायला साधा, पण मला तो सगळ्यात आवडतो, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. लंडनमध्ये एलन ब्लमलिन नावाचा तरुण इंजिनिअर होता. असं सांगतात की तो होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला. बोलपट तेव्हा नवे होते आणि आवाज एकाच जागेहून यायचा. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून! आंधळ्या माणसानं काय समजायचं, असं तो म्हणाला, आणि यावर आपल्याकडे उपाय आहे असंही म्हणाला. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यानं दोन वाहिन्यांच्या आवाजाच्या पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. १९३५ साली त्यानं रेल्वे स्टेशनवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं चित्रीकरण केलं. गाडी डावीकडून उजवीकडे जाते तसा तिचा आवाजही जातो! १९४२ साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला. स्टीरिओच्या तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या १९५८ पासून, त्याच्या मागे सोळा वर्षांनी. सांगायचं काय, की आपण स्टीरिओ म्हटलं की गाणी आठवतो, पण या गोष्टीप्रमाणे त्याचा जन्म पडद्यावरच्या माणसाचा आवाज त्याच्या तोंडातून यावा म्हणून झाला. टी.व्ही.ला डेक जोडणं म्हणजे त्याला माहेरी आणणं!

दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसलं की दोन्हीकडून सारखा आवाज सारख्याच वेळी कानांवर येतो आणि मेंदू म्हणतो, हा माणूस मधे आहे. मधे स्पीकर नसतानाही! तिथे टी.व्ही. असला की झालं. पण भाची कडेच्या खुर्चीवर होती. ती म्हणाली, “सगळे त्या डब्यातून बोलतायत.” बरोबर. तिच्या जवळचा डबा ३४ सेंटिमीटरनं जरी जवळ असला तरी त्याचा आवाज सेकंदाचा हजारावा भाग आधी पोचतो, आणि मेंदू आधी आलेल्याकडे बोट दाखवतो.

म्हणून दोन गोष्टी केल्या. डबे खोलीच्या दोन टोकांना होते, ते टी.व्ही.च्या जवळ, दोन्हीकडे हातभर अंतरावर आणले. (डबा टी.व्ही. असता तर एवढे जवळ आणून चाललं नसतं. स्पीकरच्या लोहचुंबकानं त्याच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडतात. आताच्या पातळ टी.व्ही.ला ती भीती नाही.) आणि डब्यांची तोंडं आत वळवली, इतकी की त्यांच्या नजरा आजींच्या खुर्चीच्या थोडं अलीकडेच एकमेकींना छेदतील. मग डावीकडे बसलेल्याच्या समोर उजवा डबा तोंड करून येतो. तो लांब असला तरी जास्त जोरात ऐकू येतो आणि डाव्याशी बरोबरी करतो. भाचीची तक्रार पुष्कळ कमी झाली. पुरती गेली नाही.

शेवटी बास आणि ट्रेबल. भाच्यानं बास शेवटपर्यंत फिरवला होता. सगळी मुलं फिरवतात, मीही फिरवायचो! आजींसाठी तो मधल्या खुणेच्याही खाली आणला आणि ट्रेबल दोन खुणा वर. भाचा नाराज. मी त्याला विचारलं, नवरात्रात मत्स्योदरीच्या जत्रेत हरवलेल्या मुलांची नावं भोंग्यावरून पुकारतात, तेव्हा लांबवरूनही नाव कळतं की नाही? भोंग्यात बास असतो का? औषधालाही नाही! टेलिफोनवर वर्षानुवर्षं फक्त ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा पाठवत आले आणि माणसं त्यावर आपली सुखदुःखं बोलली. बास गाण्याला लागतो, शब्दाला नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर लग्नाची सीडी काढली. टी.व्ही.चा आवाज पाऊण ठेवून बाकी कमी-जास्त डेकवर. मला फार आशा नव्हती, आणि मी तसं सांगूनही ठेवलं होतं. व्हिडिओ कॅसेटमध्ये फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, गाण्याच्या कॅसेटमध्ये ४.७६. आवाज फितीच्या अरुंद कडेवर, आणि सरकणं निम्म्या वेगानं, म्हणजे बारीक आवाज तिथंच गाळले जातात. डीव्हीडी केली म्हणून गाळलेलं परत येत नाही. शिवाय पुष्कळ ठिकाणी स्टुडिओवाल्यानं वर सनईच चढवली होती.

पण मंगलाष्टकांच्या जागी त्यानं मूळ आवाज ठेवला होता, त्याचे उपकार! भटजींचं झालं, मग मांडवातला गलबला, कुणाचं तरी रडणारं पोर. आणि मग आजोबा माइकपाशी आले, खाकरले. ते खाकरणंसुद्धा ऐकू आलं. ताई दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली.

आजोबा गाऊ लागले. थोडा सानुनासिक, पण सुरेल, स्वच्छ आवाज. आजी खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, टी.व्ही.पासून दहा फुटांवर. ओठ हलवत होत्या. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं, ‘सावधान’ आलं, अक्षता पडल्या, बँड वाजला. कुणी काही बोललं नाही.

मग आजी म्हणाल्या, “बघा! दुसऱ्यात एक ओळ खाल्लीच आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं, तर म्हणे नाही, पूर्ण म्हटलं. पुन्हा लाव रे.”

पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. ओळ खरंच खाल्ली होती.

संध्याकाळी आजींनी कपाटातून आजोबांच्या कॅसेटचा डबा काढला. त्या वाजवायला गेलो तर गाणं रडत रडत, कधी भराभर कधी सावकाश येऊ लागलं. डेकचा रबरी पट्टा सैल पडला आहे. तो कसा बदलला, आणि जालन्याला पट्टा शोधताना काय काय झालं, ते पुढच्या आठवड्यात.